शेजारची सीट

१

विमानतळाच्या बंद पडलेल्या धावपट्टीवर रुपेरी गाडीने शंभरचा वेग गाठायला अकरा पॉइंट एक सेकंद घेतले, तेव्हा आमच्या गाड्या सांभाळणाऱ्या मिस्त्रींनी स्टॉपवॉच कानाला लावून पाहिलं. दोष घड्याळाचा निघावा अशी त्यांची फार इच्छा होती. पण घड्याळ त्यांचं स्वतःचं, त्यामुळे तसं उघड म्हणायचीही सोय नव्हती.

"पुन्हा," माझा भाऊ, दादा, म्हणाला.

पुन्हा अकरा पॉइंट एक. तिसऱ्यांदा अकरा पॉइंट दोन. माझा थोरला भाचा गाडीतून उतरला तेव्हा त्याचे कान लालबुंद झाले होते. तो दातांचा डॉक्टर आहे. दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालूनही त्याचा आवाज कधी चढत नाही, पण त्या सकाळी चढला.

"कागदावर सात पॉइंट सहा आहे! आत्या, तूच दाखवलंस ना मला?"

दाखवलं होतं खरं. दोन्ही गाड्यांच्या तुलनेचा तक्ता माझ्याच हातात होता. एकतीस वर्षं मी विमा कंपनीसाठी आपटलेल्या गाड्या तपासल्या, त्यामुळे गाडीचा कागद म्हटला की घरचे माझ्याकडे धावतात. लाल गाडी धाकटीची, म्हणजे भाचीची. अकरा वर्षं वापरलेली, दोन दारांची, अठराशे सीसीचं टर्बो इंजिन, दोनशे अश्वशक्ती, वजन साडेतेराशे किलो, ओढ पुढच्या चाकांना. रुपेरी थोरल्याची. चौदा वर्षांची, दोन लिटरचं साधं इंजिन, एकशे सत्तर अश्वशक्ती, वजन फक्त साडेअकराशे, ओढ मागच्या चाकांना. एकीत ताकद जास्त, दुसरी अंगाने हलकी. कागदावर लाल सात पॉइंट दोन आणि रुपेरी सात पॉइंट सहा, म्हणजे एकोणीस-वीसचा फरक.

लाल गाडी थोड्या वेळापूर्वी त्याच बंद पडलेल्या धावपट्टीवर सात पॉइंट नऊमध्ये गेली होती. अकरा वर्षांच्या गाडीला तेवढं माफ असतं. पण रुपेरीचे साडेतीन सेकंद कुठे गेले?

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं. प्लग पाहिले, हवेची जाळी पाहिली, पेट्रोल बोटावर घेऊन हुंगलं. सगळं ठीक. मग ते ड्रायव्हरच्या दाराशी गुडघ्यावर बसले, ॲक्सिलरेटर हाताने दाबला, सोडला, परत दाबला. त्यांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी पेडलखालचा गालिचा वर केला, आत हात घातला आणि एक लाकडी ठोकळा बाहेर काढला.

२

तो ठोकळा आमच्या घरात कुणालाच नवा नव्हता.

दादाची पूर्वी ड्रायव्हिंग स्कूल होती. सहा गाड्या, सहाही एकाच मॉडेलच्या. नवशिक्या माणसाने घाबरून पाय दाबला तरी गाडी उधळू नये म्हणून प्रत्येक गाडीच्या ॲक्सिलरेटरखाली अडीच सेंटिमीटर जाडीचा ठोकळा असायचा. शिकणाऱ्याला ते सांगायचं नाही. परीक्षा पास झाल्यावर दादा तो समारंभपूर्वक काढून हातात द्यायचा, आणि एवढे दिवस आपण अर्ध्याच पेडलवर मिरवत होतो हे कळून लोकांचे चेहरे उतरायचे. स्कूल बंद होऊन आठ वर्षं झाली. उरलेले ठोकळे शेडमधल्या कपाटात एका डब्यात पडून होते, कपाटाला कुलूप नव्हतं आणि दोन्ही गाड्या शुक्रवारी रात्रभर त्याच शेडमध्ये उभ्या होत्या.

"तूच!" थोरला बहिणीवर ओरडला.

"मी? माझी गाडी तशीही पुढे होती! मला काय गरज पडलीय?"

"लहानपणापासून तुझ्या पोटात दुखतं माझं काही चांगलं झालं की."

"तुझं चांगलं कधी झालं ते सांग, मग दुखवून घेते."

ही दोघं चाळिशीची आहेत, हे मला मुद्दाम सांगावं लागतंय.

भांडण गाडीचं नव्हतंच. भांडण होतं शेजारच्या सीटचं. दादा एकाहत्तर वर्षांचा. डोंगराच्या चढणीची शर्यत, चौदा किलोमीटर, त्रेपन्न वळणं, ही त्याने बावीस वेळा केली. त्या शर्यतीत शेजारी एक माणूस लागतो, जो वळणांची वही वाचून पुढचं वळण ओरडून सांगतो. बावीसही वेळा तिथे मिस्त्री बसले. मग दादाने गाडी विकली आणि चोवीस वर्षं तो नुसता शर्यतीच्या बातम्या वाचत बसला. या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की लायसन्सचं हे शेवटचं वर्ष, पुढे सही मिळणार नाही. तेव्हा याने जाहीर केलं की एकदा अजून चढण करणार, आणि या खेपेला शेजारी पोरांपैकी कुणीतरी.

दोन्ही पोरांनी आठवड्याभरात एकेक वापरलेली गाडी आणून उभी केली. मग दादाने आपला कायदा सांगितला. जी गाडी आठ सेकंदांच्या आत शंभर गाठेल ती चालेल. दोन्हींनी गाठलं तर सरस कोणती ते मी सांगायचं. ज्याची गाडी तो शेजारी. आणि दोन्ही आठच्या वर गेल्या तर चढण रद्द. "म्हाताऱ्या गाडीत म्हातारा माणूस, हे दृश्य मला लोकांना दाखवायचं नाही," असं त्याचं म्हणणं.

धावपट्टीवर तो ठोकळा हातात फिरवत मला म्हणाला, "उद्या दुपारी बारापर्यंत अर्ज द्यायचाय. त्याआधी हे कुणी केलं ते मला कळलं पाहिजे. तू शोध."

"मी? मी घरचीच आहे. माझ्यावर विश्वास ठेवशील?"

"नाही," दादा म्हणाला. "तुझं नावही यादीत आहे."

३

त्याचं चुकलं नव्हतं. दादाने पहिली चढण केली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि शेजारी बसण्यासाठी मी त्याच्या हातापाया पडले होते. तो म्हणाला होता, "तू फार हलकी आहेस, गाडी एका बाजूने उचलली जाईल." त्यानंतर मी सत्तर किलोची झाले, पण त्याने परत विचारलं नाही. गेली चाळीस-पन्नास वर्षं मी त्या सीटवर बसणाऱ्या प्रत्येकावर जळत आले आहे, आणि हे मी कुणापासून लपवलेलंही नाही.

आधी थोरल्याला गाठलं. दवाखान्यात शनिवारी सुट्टी होती. तो रुग्णाच्या खुर्चीत आडवा पडून छताकडे बघत होता.

"शुक्रवारी संध्याकाळी शेडमध्ये गेला होतास?"

"गेलो होतो. टायरची हवा बघितली. ताई पण तिथेच होती, तिची गाडी पुसत."

धाकटीला तो चिडला की ताई म्हणतो, हा त्याचा टोमणा असतो.

"पेडल पूर्ण दाबून पाहिलंस?"

"नऊ दिवसांपूर्वी गाडी घेतली, आत्या. मिस्त्री म्हणाले, ऑइल बदलेपर्यंत जोरात हाणू नकोस. पेडल खाली कुठे टेकतं हे मला माहीतच नाही."

मग धाकटी. ती उंच इमारतींमधल्या लिफ्ट तपासते. मला भेटली तेव्हा एका लिफ्टच्या टपावर उभी होती, दोरखंडाला ग्रीस लावत.

"मीच केलं असतं तर ठोकळा परीक्षेनंतर काढला नसता का? मिस्त्री बॉनेट उघडून बसले तेव्हा गाडी माझ्या नाकासमोर उभी होती. वीस मिनिटं होती माझ्याकडे."

मुद्दा बरोबर होता. पण तिने तो इतक्या तयारीने मांडला की मला जरा खटकलं.

"तुला एवढं का हवंय ते शेजारी बसणं?"

तिने पान्हा खाली ठेवला. "कारण बाबा त्याला सोबत घेऊन मॅच बघायला जायचे. मला म्हणायचे, तुला कंटाळा येईल. मला कधी कंटाळा आला असता, आत्या?"

तिथून दादाच्या घरी गेले. वहिनी स्वयंपाकघरात दोन डबे भरत होती. एक थोरल्याच्या घरी जायचा, एक धाकटीच्या. पोरं आपापल्या घरी संसार थाटून बसली तरी शनिवारचे डबे चुकत नाहीत. एकात चार टोस्ट, दुसऱ्यात चार. एक सफरचंद मधोमध कापून अर्धं इकडे, अर्धं तिकडे. एक फोड जरा मोठी झाली तर तिने सुरीने तिचा कोपरा उडवला आणि स्वतः खाल्ला.

"तराजूच आण आता," मी म्हटलं.

"दोघांना सारखं. कुणाचं तोंड वाकडं व्हायला नको." तिने झाकणं लावली. "तुमचा तपास कुठवर आला?"

"कुठेच नाही. रुपेरीला अकरा सेकंद लागले, तुला कळलंच असेल."

"कळलं. आणि लाल?"

"सात पॉइंट नऊ."

तिचा हात थांबला. "आठच्या आत?"

"आत."

"नक्की? मिस्त्रींनी नीट मोजलं?"

"तीनदा मोजलं, वहिनी."

तिने डबे उचलून दाराशी नेऊन ठेवले आणि मला चहा हवा का विचारलं. मी हो म्हटलं, कारण वहिनीचा चहा चांगला असतो आणि त्याचाही मला हेवा वाटतो.

४

दुपारी मी माझ्या घरी तक्ता घेऊन बसले. माणसं खोटं बोलतात हा माझा धंद्यातला पहिला धडा. आकडे खोटं बोलत नाहीत, पण ते आपणहून तोंडही उघडत नाहीत, त्यांना विचारावं लागतं.

मी रुपेरीचे आकडे सोडून लालचे घेतले. शून्य ते साठ, जवळपास कागदाइतकंच. शून्य ते शंभर, थोडं मागे. पण शंभर ते एकशे चाळीस? कागदावर सहा सेकंद होते. धावपट्टीवर नऊ.

जुनं इंजिन थकतं ते सगळीकडे सारखं थकतं. सुरुवातीला तरुण आणि वर गेल्यावर म्हातारं, असं होत नाही. लाल गाडी सुरुवातीला व्यवस्थित श्वास घेत होती आणि जास्त हवा लागायला लागली की गुदमरत होती.

मी तडक दादाच्या शेडवर गेले. उजेड भरपूर होता, आत कुणी नव्हतं. लाल गाडीचं दार उघडलं, खाली वाकले, गुडघ्याने कुरकुर केली तिकडे लक्ष दिलं नाही. पेडल हाताने दाबलं. ते बरंच खाली गेलं आणि मग टक्कन थांबलं. लोखंडावर लोखंड आपटल्याचा तो आवाज नव्हता.

मी गालिचा वर केला. तिथेही ठोकळा होता. तोच, अडीच सेंटिमीटरचा.

५

"तुम्ही बोलायच्या आत मीच सांगतो," मिस्त्री म्हणाले. दोन्ही ठोकळे मी त्यांच्या कामाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले होते. "दोन्ही गाड्या आठच्या वर गेल्या असत्या तर चढण रद्द. म्हणजे मी नाही तर कुणीच नाही. असंच तुमच्या डोक्यात आलंय ना, ताई?"

"आलंय."

"यायलाच पाहिजे." त्यांनी हात पुसले. "बावीस वर्षं मास्तरांना मी वळणं सांगितली. डावं, उजवं, आवळ, सोड. त्या वहीतली अक्षरं माझी. आणि एक दिवस मास्तर म्हणतात, मिस्त्री, या खेपेला पोरं बसू दे. मी म्हटलं, बसू दे की. घरी गेलो आणि दोन दिवस बायकोशी धड बोललो नाही. जळलो मी. खोटं कशाला बोलू?"

मला त्या माणसाबद्दल एकदम आपुलकी वाटली. बावीस वर्षं ज्याच्यावर जळले, तो आता माझ्याच रांगेत येऊन उभा होता.

"मग केलंत तुम्ही?"

त्यांनी उत्तर द्यायच्या ऐवजी एक पट्टी घेतली, मला शेडमध्ये लाल गाडीपाशी नेलं आणि पेडल किती खाली जातं ते मोजून दाखवलं. आठ सेंटिमीटर. मग रुपेरीचं मोजलं. पाच.

"बघा. पाचातून अडीच गेले तर निम्मं पेडल गेलं. गाडी मेली. आठातून अडीच गेले तर अजून साडेपाच शिल्लक. टर्बो इंजिन तेवढ्यातही सुरुवातीला धावतं. म्हणून लाल आठच्या आत आली." ते जरा रागानेच बोलत होते. "दोन्ही गाड्यांची सर्व्हिसिंग मी केलीय. मला दोन्ही अडवायच्या असत्या तर लालमध्ये मी दीड आणि रुपेरीत अर्धाच ठोकळा बसवला असता. दोन्ही बरोबर साडेआठला आल्या असत्या, सगळे म्हणाले असते जुन्या गाड्या, आणि रुपेरीखालचा ठोकळा मी सगळ्यांसमोर कशाला काढला असता? हे काम गाडी न कळणाऱ्या माणसाचं आहे."

मी परत जाताना मनातल्या यादीवर फुल्या मारत गेले. थोरला आपल्याच गाडीत ठोकळा ठेवणार नाही. धाकटीने संशय टाळायला स्वतःच्या गाडीत ठेवला म्हणावं, तर तिने तो सगळ्यांसमोर सापडू दिला असता. न सापडलेल्या ठोकळ्याचा तिला काय उपयोग? दादाला तर जायचंच होतं. मिस्त्रींना गाडी कळते. मी केलं नव्हतं, यावर तुम्ही विश्वास ठेवा किंवा ठेवू नका.

ज्याला ठोकळा माहीत आहे पण पेडल माहीत नाही, असं आमच्या घरात एकच माणूस उरत होतं.

६

वहिनी बाल्कनीत धुतलेल्या चादरीच्या घड्या घालत होती. मी चादरीची दोन टोकं धरली.

"स्कूलचं ऑफिस किती वर्षं सांभाळलंस तू?"

"अठरा."

"सुताराकडून ठोकळे कोण मागवायचं?"

"मीच." तिने घडी जुळवली. "अडीच सेंटिमीटर, डझनाने."

"सहाही गाड्या एकसारख्या होत्या, म्हणून अडीच. वहिनी, प्रत्येक गाडीचं पेडल वेगळं असतं. तुला ते कुणी सांगितलंच नाही."

चादर आमच्या दोघींच्या मध्ये ताणलेली राहिली.

"आज सगळे एकच विचारत होते, रुपेरी एवढी हळू कशी. तू एकटीने विचारलंस, लाल एवढी जोरात कशी. आणि ठोकळे दोन्ही गाड्यांत अगदी सारखे. दादा सारखं देत नाही, तो जिंकणाऱ्याला देतो. मिस्त्री धाकटीचे लाड करतात, मी थोरल्याचे. या घरात दोघांना मोजून सारखं देणारी तू एकटी आहेस."

"वन्सं," ती म्हणाली. चिडली की मी वन्सं होते. "त्यांचे डोळे गेलेत. चढणीवर काही झालं तर?"

"डॉक्टरांनी या वर्षापुरती सही दिलीय. आणि त्याचे डोळे चांगले होते तेव्हाही ती चढण काही सपाट नव्हती. तू त्याला एकदाही अडवलं नाहीस. भीतीचं कारण मला सांगू नकोस."

तिने चादर माझ्या हातातून ओढून घेतली आणि छातीशी धरली. मग ती खालच्या रस्त्याकडे बघायला लागली. एक बाई सायकल ढकलत चालली होती, तिच्याकडे.

"शर्यत झाली की मिस्त्री आणि हे दोघं गाडीतून उतरायचे," ती म्हणाली. "काय हसायचे! एकमेकांच्या पाठीवर थापा मारायचे, काहीतरी बोलायचे, मला त्यातलं अक्षर कळायचं नाही. मी जवळ गेले की हे म्हणायचे, चल, दमलो. घरी येईपर्यंत गप्प. बावीस वर्षं, दर वर्षी. मला घरी आलेला माणूस मिळाला, वन्सं. चढणीवरचा माणूस तुम्ही सगळ्यांनी वाटून घेतला. मिस्त्रींनी घेतला, आता पोरं घेणार. मी नऊ महिने पोटात वाढवलेल्या पोरांचा मला हेवा वाटला, हे मी कुणाला सांगू?"

तिचं वाक्यन्‌वाक्य माझंही होतं, फक्त नातं वेगळं.

"त्याला कधी म्हणालीस, मला बसायचंय?"

"ज्याने आपणहून विचारायला हवं त्याच्याकडे मागायचं?" ती म्हणाली. "आणि मागितलं असतं तर हसले असते."

हसला असता. त्यात मला तरी शंका नव्हती.

"उद्या बाराला त्याला नाव हवंय," मी म्हटलं. "मिस्त्रींवर संशय जाईल. मी गप्प बसले तर तेच पहिले अडकतील."

वहिनीने चादर खुर्चीवर ठेवली. "तुम्ही काही बोलू नका," ती म्हणाली. "मी बोलते."

७

रविवारी सकाळी धावपट्टीवर दोन्ही गाड्या ठोकळ्यांशिवाय परत धावल्या. लाल सात पॉइंट तीन. रुपेरी सात पॉइंट सात. दोन्ही आठच्या आत, आणि दोन्ही पोरं बापाकडे बघत उभी.

घरी आलो. जेवणाच्या टेबलावर अर्ज होता. गाडीचा क्रमांक, चालकाचं नाव, शेजारी बसणाऱ्याचं नाव. मी माझा तक्ता त्याच्या शेजारी ठेवला. मिस्त्री दाराशी उभे होते, वळणांची वही काखेत घेऊन.

"कोण?" दादाने विचारलं.

वहिनी उठली. "ठोकळे मी ठेवले. दोन्ही गाड्यांत."

थोरल्याचं तोंड उघडं पडलं. धाकटी म्हणाली, "माझ्याही गाडीत? आई?"

"दोघांना सारखं," वहिनी म्हणाली, आणि मग पोरांकडे पाठ करून नवऱ्याकडे वळली. "मला तुमच्या शेजारी बसायचं होतं. तुम्ही कधी विचारलं नाही. मग मी ठरवलं की कुणीच बसायचं नाही."

दादा हसला नाही. मी त्याच्या तोंडाकडेच बघत होते, हसला असता तर तक्ता त्याच्या डोक्यात घातला असता. त्याने चष्मा काढला, टेबलावर ठेवला, परत घातला.

"कोणती गाडी?" त्याने मला विचारलं.

"सरळ रस्त्याला लाल," मी म्हटलं. "पण चढणीवर सरळ रस्ता आहेच किती? त्रेपन्न वळणांत तिचं नाक जड पडेल, बाहेर ओढेल, आणि टर्बोचा जोर वळण संपल्यावर येईल. रुपेरी हलकी आहे, सांगशील तिथे वळते. ब्रेकचे पॅड बदलून घ्या, झिजलेत." मग मी तक्त्यातली शेवटची ओळ वाचली. ती ओळ मी सकाळी घातली होती, तीही नाइलाजाने. "शेजारची सीट. लालची शर्यतीची आहे, खोल, कडा उंच, मागे सरकत नाही. सदुसष्ट वर्षांच्या बाईला तिच्यात बसवता येईल, पण बाहेर काढायला क्रेन लागेल. रुपेरीची साधी आहे, वर-खाली होते, दार रुंद उघडतं. म्हणून रुपेरी."

"गाडी माझी आहे!" थोरला म्हणाला. "बाबा, तुम्हीच म्हणालात, ज्याची गाडी तो शेजारी. मी काय केलंय? माझ्याच गाडीत ठोकळा सापडला आणि मीच घरी बसू?"

त्याचं म्हणणं रास्त होतं. धाकटी त्याच्याकडे बघत होती. तिचं नाव तर आता कागदावरही येणार नव्हतं, पण भावाचंही येत नाही म्हटल्यावर तिच्या चेहऱ्यावर थोडं समाधान आलं होतं, ते तिला झाकता येईना.

थोरल्याने खिशातून चावी काढली आणि टेबलावर आपटली. आईकडे न बघता बाहेर निघून गेला. जिन्यावर त्याची पावलं जोरात वाजत खाली गेली. वहिनी दोन पावलं त्याच्यामागे गेली आणि थांबली. आयुष्यात पहिल्यांदा तिने एका पोराला कमी दिलं होतं. ते तिला सोसत नव्हतं, पण तिने चावी परत द्यायला उचलली नाही.

मिस्त्री पुढे आले. त्यांनी वही वहिनीच्या पुढ्यात ठेवली. सोडताना क्षणभर हात वहीवरच राहिला.

"आवळ म्हणजे घट्ट वळण, वहिनी," ते म्हणाले. "दोन वळणं आधी सांगायचं. उशिरा सांगितलं तर उपयोग नाही."

दादाने पेन उघडलं. अर्जावर वाकला, दोन ओळी भरल्या आणि तिसऱ्या ओळीपाशी थांबून माझ्याकडे बघायला लागला, जणू वहिनी तिथे नव्हतीच.

"ती ओरडेल," तो म्हणाला. "पहिल्याच वळणावर."

"ओरडेन," वहिनी म्हणाली. "त्रेपन्नही वळणांवर ओरडेन. चाळीस वर्षांचं साठलंय."

दादाने तिच्याकडे पाहिलं. असं पाहताना मी त्याला पूर्वी कधी बघितलं नव्हतं, आणि मला वाटतं तिनेही नव्हतं. मग त्याने मान खाली घालून तिचं नाव लिहिलं. मी तिथे त्याची बहीण म्हणून उभी होते, तपास माझा होता, निकाल माझा होता, आणि तरी त्या घटकेला मला वहिनीचा इतका हेवा वाटला की मी पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात निघून गेले.